एकही तक्रार नाही

७ एप्रिल

पहिल्या पानावर नाव लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. ममता शिवाजी पाटील, शहादा. नऊ वर्षं लोणखेड्याच्या कॉलेजात संगणक शिकवला. मग माझ्यापेक्षा निम्मं समजणाऱ्या माणसाला विभागप्रमुख केलं, त्या दिवशी मी राजीनामा दिला. आता घराच्या वरच्या मजल्यावर होस्टिंग चालवते. मुंबईत एक भाड्याचा सर्व्हर आहे आणि त्यावर अडतीस ग्राहकांच्या वेबसाइट आणि मेल आहेत. बियाण्यांची दुकानं, दोन पतसंस्था, एक कापसाची जिनिंग मिल, कॉलेज आणि बाकी किरकोळ.

दैनंदिनी लिहिण्याचं कारण असं की मेल सर्व्हरचं जुनं सॉफ्टवेअर आता अगदी थकलं आहे. कचरा आत येतो आणि कामाची पत्रं बाहेर जात नाहीत. नवं निवडायचं आहे. ते मी कसं विचारपूर्वक निवडलं याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. घरात कुणाला त्याचं काही नाही. शिवाजींना सांगितलं तर ते म्हणाले, पंखा दुरुस्त करणारा आला होता का?

१० एप्रिल

सर्व्हरसाठी तीन स्थळं आली आहेत.

पहिलं एक्झिम. फार हुशार आहे, पण प्रत्येक बारीक गोष्टीचा नियम आपण लिहून द्यावा अशी त्याची अपेक्षा. मीही तशीच आहे. आमचं जमायचं नाही.

दुसरं म्हणजे सगळं एकत्र बांधून मिळणारं एक पॅकेज. एक बटण दाबलं की पत्रं घेणारा, ठेवणारा, तपासणारा, दाखवणारा, सगळे एका छपराखाली हजर. दिसायला छान. पण मी एकत्र कुटुंबात अकरा वर्षं काढली आहेत. एक जण रुसला की सगळे उपाशी. ते नको.

तिसरं पोस्टफिक्स. हे फक्त पत्रं घेतं आणि पाठवतं. पेट्यांमध्ये ठेवायला डव्हकॉट वेगळं, कचरा तपासायला गाळणी वेगळी. प्रत्येकाची चूल निराळी. दोन वर्षांपूर्वी माझी आणि माझ्या धाकट्या जावेची, आशाची, चूल निराळी झाली तेव्हापासून घरात एक भांडण नाही. बोलणंही फारसं नाही, पण भांडण नाही हे महत्त्वाचं.

पोस्टफिक्स पक्कं केलं.

१५ एप्रिल

आज गाळणीवर विचार. ही गाळणी शिकणारी आहे. माणसानं एखादं पत्र कचऱ्यात टाकलं की ती त्याचे शब्द, पाठवणारा, सगळं ध्यानात ठेवते आणि पुढच्या वेळी तसलं पत्र परस्पर अडवते. मी आणखी एक युक्ती केली. अडतीसही ग्राहकांचं शिक्षण सामाईक ठेवलं, म्हणजे एकानं शिकवलं की सगळ्यांना फायदा. आणि मराठीत काही लिहीत बसण्याऐवजी प्रत्येक पत्रापुढे केराच्या टोपलीचं चित्र लावलं, चांगलं ठळक आणि लाल. अंगठा लावणाऱ्यालाही कळेल.

अडवलेला कचरा एका वेगळ्या कप्प्यात जाईल. तो ग्राहकांना दिसणारच नाही, उगाच गोंधळ नको. तीस दिवसांनी आपोआप पुसला जाईल.

शिकवणीची सुरुवात मी स्वतःच्या पेटीपासून केली. त्यात एकशे सहा तक्रारी होत्या. मेल जात नाही, मेल येत नाही, मॅडम फोन उचलत नाहीत. सगळ्या जुन्या सर्व्हरच्या, आता त्यांचं काय करायचं? एकेक वाचली आणि टोपलीत टाकली. फार बरं वाटलं.

२२ एप्रिल

आज बाजार, म्हणून ग्राहकांचं प्रशिक्षण आजच ठेवलं. जागा खाली आशाच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथेच का, तर इथली रीतच विचित्र आहे. माझ्या अडतीस ग्राहकांपैकी तीस जण मेल स्वतः उघडत नाहीत. बाजाराला आले की आशाच्या बाकावर बसतात. ती त्यांची पेटी उघडते, आलेलं पत्र छापते, तोंडी समजावते, मग ते कागद पिशवीत घालतात आणि वांगी घ्यायला जातात. तिसांचे पासवर्ड आशाच्या वहीत आहेत, वहीवर गणपतीचा फोटो आहे. कॉलेजात मी सुरक्षेवर तीन तास बोलायचे.

सोळा जण आले. चहा आणि भजी होती, त्यामुळे शेवटपर्यंत थांबले. मी पाऊण तास बोलले. शेवटी आशानं विचारलं, "ताई, प्रिंट काढी लिधी की मंग टोपली दाबी देवानी का?" मी तेव्हा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. म्हटलं, हो हो, दाबा, नको असेल ते सगळं दाबा. तिनं वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनीही तिचं पाहून लिहून घेतलं. आशाला यातलं फारसं कळत नाही, पण सांगितलेलं ती इमानानं करते.

नवी शिस्तही जाहीर केली. आत्तापर्यंत बाजाराच्या दिवशी जो तो जिना चढून वर यायचा आणि तक्रार करता करता पोराच्या लग्नापासून केळीच्या भावापर्यंत सांगत बसायचा. आता जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली आहे: तक्रार तोंडी किंवा फोनवर घेतली जाणार नाही. मेल करावा.

सगळे गेल्यावर कौसाबाई थांबल्या. धडगावच्या वरच्या एका पाड्यावरच्या. त्यांच्या आमचूर कंपनीची मेलपेटी माझ्याकडे आहे. बेचाळीस बाया आहेत. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करून खडकावर वाळवायच्या. इतकी वर्षं माल खालच्या व्यापाऱ्याला जायचा, आणि वजन व्हायचं ते त्याच्या काट्यावर. यंदा नाशिकच्या एका मसाला कारखान्याला नमुना पसंत पडला आहे, तसं त्यांचं पत्र मागेच आलं, आशानं छापून दिलं. आता पक्क्या मागणीचं पत्र मेलवर येईल, सोबत फॉर्म असेल, तो भरून मुदतीत परत पाठवायचा. पाड्यावर फोनला रेंज नाही, आणि कारखान्याचा नियम असा की सगळं मेलवरच. जूनची ओली हवा लागली की आमचूर काळं पडतं, त्यामुळे थांबायला जागा नाही. पत्र आलं नाही तर पुन्हा तोच काटा.

बायांना त्यांनी कसं तयार केलं तेही सांगितलं. म्हणे, मी सांगितलं त्यांना, मेलवर भरवसा ठेवा.

मी म्हटलं, योग्य ठिकाणी आलात.

२९ एप्रिल

सात दिवस झाले. एकही तक्रार नाही.

६ मे

काय शांतता आहे. जुन्या सर्व्हरवर रोज दोनशे-अडीचशे कचरा यायचा. काल अडतीस पेट्यांमध्ये मिळून एकवीस पत्रं. गाळणी दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. आज आलेख काढला आणि भिंतीवर लावला. रेघ अशी खाली येते की पाहत राहावं.

कौसाबाई येऊन गेल्या. पत्र नाही.

९ मे

कॉलेजातून शिपाई आला, हातात लिफाफा. प्राचार्यांनी मला व्याख्यानाला बोलावलं आहे, विषय "लहान संस्थांसाठी मेल सर्व्हरची निवड". शिपाई म्हणाला, साहेबांनी दोनदा मेल केला, उत्तर नाही, म्हणून मला पिटाळलं. मी मनात म्हटलं, हे लोक सुधारायचे नाहीत. कॉलेजला स्वतःची मेलपेटी आहे, मी स्वतः दिली आहे, आणि अजून माणूस पाठवतात. वर पुन्हा मेल केला म्हणून सांगायचं.

अर्थात व्याख्यान स्वीकारलं. मला डावलून बसवलेल्या त्या विभागप्रमुखाला पहिल्या रांगेत बसवा असं सुचवणार होते, पण राहू दिलं.

१३ मे

आज बाजारात पतसंस्थेचा कारकून राजेंद्र आशाच्या बाकावर बसून घाम पुसत होता. संस्थेला परदेशातल्या एका विधवा बाईचं पत्र आलं आहे. नवरा वारला, इस्टेट अफाट, आणि ती संस्थेलाच द्यायची तिची इच्छा. यानं पत्र छापून घेतलं, आवक शिक्का मारला, क्रमांक ४१७, आणि संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेत "आयत्या वेळचे विषय" मध्ये घातलं. मंडळाची सभा झाली. एक संचालक म्हणाले, बाईला आधी दुखवट्याचं पत्र पाठवा. ते पाठवलंसुद्धा.

मी इतकी हसले की जिन्यावर बसावं लागलं. हसू आवरल्यावर त्याला समजावलं की हा निव्वळ कचरा, टोपली दाबायची. तो म्हणाला, मॅडम, असल्या पत्राला हात लावायची भीती वाटते, म्हणून आम्ही ते तसंच ठेवतो. बाकीची कामाची पत्रं छापून, नोंद करून लगेच मोकळी करतो. माणूस टापटीपीचा आहे, फक्त भोळा.

आशा काहीतरी सांगायला जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली होती. मी पाटीकडे बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम, घरच्यांनाही तोच. ती खाली गेली.

कौसाबाईंचं पत्र नाही.

२० मे

व्याख्यान झालं. "तंत्रज्ञान चांगलं असलं की ते दिसत नाही, ऐकू येत नाही," असं एक वाक्य मला ऐन वेळी सुचलं. टाळ्या पडल्या. चार आठवड्यांत शून्य तक्रारी हा आकडा फळ्यावर लिहिला. विभागप्रमुख पहिल्या रांगेतच होता, स्वतःहून बसला होता. त्यानं विचारलं की तक्रार कुठे करायची, तर मी सांगितलं, मेलवर. तो म्हणाला, अच्छा, आणि गालात हसला. पहिल्यापासूनच कुजकट माणूस.

परत आले तर कौसाबाई बाकावर. धडगावहून जीप, वर दीड तास पायी, ते फक्त एक पत्र आलं का विचारायला. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "पत्र निंघेल व्हई, पन वाट चुकी गयं व्हई." मी त्यांना खुर्ची दिली आणि चार शब्द समजुतीचे सांगितले. शहरातले कारखानदार नमुन्याचं कौतुक करतात, मागणी देत नाहीत. त्यांची वाट पाहत बसाल तर माल काळा पडेल. व्यापाऱ्याला निरोप द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आशाकडे पाहिलं. आशा झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण पुसत होती, ते आधीच स्वच्छ होतं.

व्यवहारी सल्ला देणारं कुणीतरी लागतंच.

२४ मे

काल अडतीस पेट्यांमध्ये मिळून पाच पत्रं. त्यातली चार लॉटरीची. ही चार कशी निसटली हे बघायला हवं, बाकी गाळणी उत्तम.

मला स्वतःला मात्र गेले तीन आठवडे कुणाचंच पत्र नाही. माझ्या भावाचंसुद्धा नाही. लोकांना यश बघवत नाही हे खरं आहे.

२७ मे

बाजार. कौसाबाई आल्या नाहीत. व्यापाऱ्याला निरोप दिला असणार. सुटल्या एकदाच्या.

दुपारभर वर बसून होते. चांगलं काम झालं की माणसाला समाधान वाटायला हवं, ते वाटत नव्हतं. खालून आशाच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. मी जिन्यापर्यंत गेले, पाटी वाचली, परत आले.

३ जून, सकाळ

घडलं तसं लगेच लिहून ठेवते.

सकाळी आशा वर आली. पाटीसमोरून, सगळ्या पायऱ्या चढून. चूल निराळी झाल्यापासून पहिल्यांदा. हातात फोन होता. तिनं नमुना पसंत पडल्याच्या पत्रावरचा नंबर पाहून कारखान्याच्या खरेदीवाल्या साहेबाला आपणहून फोन लावला होता. ते म्हणाले, तीन पत्रं पाठवली. आठ, सतरा आणि सव्वीस मे. मुदत एकतीसला संपली.

मी म्हटलं, शक्य नाही. मला एक तक्रार आलेली नाही. आशा म्हणाली, "मी अकरा मेल करात तुम्हले. अकरा." मी म्हटलं, खोटं. म्हटलं खरं, पण मग तो न दिसणारा कचऱ्याचा कप्पा आठवला आणि लगेच उघडला.

एक हजार तीनशे चौदा पत्रं. कॉलेजची, विद्यापीठाची परिपत्रकं, बियाणे कंपन्यांची, प्राचार्यांची दोन, माझ्या भावाची चार. जिनिंगवाल्यांच्या एकोणीस तक्रारी, शेवटच्या तक्रारीत फक्त माझं नाव आणि पुढे पूर्णविराम. आणि कारखान्याची तीन.

पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. पत्र छापायचं, नोंद करायची, मग टोपली दाबून मेल मोकळा करायचा, ही यांची रीत. म्हणजे जे पत्र जितकं कामाचं, तितकं ते नक्की छापलं जाणार आणि नक्की टोपलीत जाणार. गाळणी तेच शिकली. कारखान्याचं नमुना पसंत पडल्याचं पत्र आधीच छापलेलं होतं, ते प्रशिक्षणानंतर टोपलीत गेलं, मग पुढची तीन गाळणीनं परस्पर उचलली. ज्या पत्रांना कुणी भीतीनं हात लावला नाही ती चांगली ठरली. विधवा बाईचं पत्र दर आठवड्याला आत येत राहिलं.

मी आशाला म्हणाले, तू टोपली कशाला दाबत होतीस? तिनं गणपतीच्या फोटोची वही उघडली आणि बावीस एप्रिलचं पान माझ्यापुढे धरलं. "प्रिंट नंतर टोपली. ताईंनी हो म्हटलं."

आणि तक्रारी? त्या अडवायला गाळणीला मी स्वतःच शिकवलं. एकशे सहा, एकेक करून, माझ्या हातानं.

३ जून, दुपार

आशाचे अकरा मेल वाचले. ती दुकानात गेल्यावर वाचले. पहिला: "ताई, राजेंद्रभाऊले परदेशथीन कोन्ही बाई पत्र लिखी ऱ्हायनी. जरा देखा." पाचवा: "ताई, पत्रं येवानं बंद व्हई गयं. सांगाले उनू ते तुम्ही पाटी दखाडी." नववा कौसाबाईंबद्दल. अकरावा असा: "ताई, आज कळन्यानी भाकर करेल शे. जेवाले या. उत्तर नही उनं ते समजसू तुम्हले येवानं नही." तारीख पंचवीस मे. त्या दिवशी मी वर बसून शिळी पोळी खाल्ली होती आणि कुणी विचारत नाही म्हणून मनात कुढत होते.

मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

दुपारी बारा वाजता कौसाबाई आल्या. बाजार सोडायचा नाही हा त्यांचा नेम. गेल्या खेपेला जीपच बंद पडली होती. व्यापाऱ्याला त्यांनी निरोप दिलेला नव्हता. माझा सल्ला ऐकून उठल्या त्या तशाच. सव्वाशे पोती अजून शाळेच्या खोलीत होती.

आता मी काय केलं ते लिहायची लाज वाटते. फॉर्म अडकलेल्या तीन पत्रांतल्या फक्त पहिल्यासोबत होता. मी तो छापला, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आजच आलं. कप्प्यात काय आहे हे मला आणि आशालाच माहीत होतं, आणि आशा बोलणार नाही याची मला खात्री होती. कौसाबाईंना मराठी वाचता येत नाही, पण आकडे येतात. आयुष्यभर दुसऱ्याचा काटा वाचत आल्या आहेत. कागदाच्या डोक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "हाई ते आठ तारखनं शे. आज कितली शे?"

मग मी सगळं सांगितलं. बाकावर राजेंद्र होता, दोन शेतकरी होते, त्यांच्यासमोर. माझी चूक, म्हटलं. हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडायला जेवढा वेळ लागला तेवढा मला राजीनामा लिहायलाही लागला नव्हता.

फोन मी लावला. साहेबांनी अर्धी मागणी दुसरीकडे दिली होती. उरलेली साठ पोती घेतो म्हणाले, उद्यापर्यंत फॉर्म आला तर. फॉर्म तासाभरात गेला. पोचला का, म्हणून मी दोनदा फोन केला.

कौसाबाई निघताना म्हणाल्या, बायांना हे मी सांगणार नाही. तू वर ये आणि तूच सांग.

५ जून

सकाळी आशाबरोबर गेले. मी एकटी जाणार होते, ती न विचारता जीपमध्ये येऊन बसली.

शाळेच्या व्हरांड्यात बेचाळीस बाया. मी उभी राहिले आणि मराठीत चार वाक्यं बोलले. कौसाबाईंनी ती त्यांच्या बोलीत सांगायला घेतली. माझ्या चार वाक्यांचं भाषांतर पाव तास चाललं. मध्ये त्यांनी हातानं केराची टोपली करून दाखवली, मग वर नाक करून खुर्चीवर बसलेली कुणीतरी बाई करून दाखवली. सगळा व्हरांडा हसत होता. आशाही हसत होती, तिला बोली अर्धवट कळते. कोण बाई ते मी विचारलं नाही.

मागच्या रांगेतून एका म्हातारीनं काहीतरी विचारलं. कौसाबाई मला म्हणाल्या, "ती पुसस, ते यंत्र तुन्हापाशीन शिकनं, का तू त्यानापाशीन?"

मी म्हटलं, माझ्याकडून. हसायला कुणीही भाषांतराची वाट पाहिली नाही.

नंतर पोती वाटायला घेतली. साठ कारखान्याची, पासष्ट व्यापाऱ्याची. प्रत्येकीची थोडी इकडे, थोडी तिकडे, असं ठरलं. प्रत्येकीनं आपल्या पोत्यावर कोळशानं खूण केली होती. व्यापाऱ्याच्या ढिगात एकाच खुणेची पाच पोती एकावर एक दिसली. मी आशाला विचारलं. तिनं डोळ्यांनी कौसाबाईंकडे दाखवलं. त्यांचा सगळा माल त्या ढिगात होता, इकडे एक पोतंही नाही. मी त्यांना म्हणाले, असं का? त्या म्हणाल्या, "मेलवर भरोसा ठेवा, हाई मीच सांगेल व्हतं ना."

वर्गात इतकी वर्षं उभी राहिले, पण अशी जागच्या जागी वितळले कधी नव्हते. चूक माझी आणि भरणार त्या. मी म्हटलं, ही पाच पोती व्यापाऱ्याला देऊ नका. तो सोमवारी येणार आहे ना? मी साहेबांना पत्र लिहिते, ते घेतील.

त्यांनी पदराला हात पुसले. "लिख," म्हणाल्या. "मंग फोन बी कर. मंग जाईसन बी ये."

७ जून, बसमध्ये

पत्र लिहिलं. उत्तर नाही. फोन केला. साहेब म्हणाले, पत्र मिळालं, पण साठवर एकही पोतं वाढवायचं तर माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि आठ तारखेपासून मी रजेवर. म्हणजे आजच.

सकाळच्या नाशिक गाडीत बसले आहे. अक्षर हलतं आहे त्याला इलाज नाही. कौसाबाईंच्या पाचातलं एक पोतं पायाशी आहे, बाकी चार व्यापारी येण्याआधी न्यायची की नाही ते संध्याकाळी ठरेल. डबा आशानं दिला आहे. शिवाय दुकान आणि सर्व्हर दोन्ही आज तीच बघते आहे. गाळणीचं सगळं शिक्षण मी काल पुसून टाकलं आणि पहिल्यापासून शिकवायला तिला बसवलं. निघताना तिला म्हटलं, काही अडलं तर फोन कर.

आंबट वासानं शेजारच्या बाईनं दोनदा नाकाला पदर लावला, तिसऱ्यांदा तिच्या तोंडाला पाणी सुटलं असावं, कारण तिनं भाव विचारला.

दोंडाईच्याला कंडक्टर आला. पोत्याला पाय लावून म्हणाला, यात काय आहे, मॅडम?

म्हटलं, पत्राचं उत्तर.

त्यानं त्याचंही तिकीट फाडलं.